चिठ्ठी बरणीच्या आत

मामा, तुझ्या शोकसभेत मी तुझ्या जर्मनाला जगप्रवासाला धाडलं.

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या हॉलमध्ये आपली सगळी मंडळी जमली होती. तुझा फोटो होता, त्याला शर्वरीने घातलेला हार जरा तिरका होता आणि माझ्या हातात माईक होता. आपल्या गोतावळ्यात बारसं असो, साठी असो की हे असं असो, माईक फिरत फिरत शेवटी माझ्याकडेच येतो. श्रीकांत बोलेल, श्रीकांतला किस्से येतात. मीही नको नको म्हणत खिशातून कागद काढतो. तर मी बोललो. तुझ्या तळघरावर बोललो, तुझ्या गोगलगायींवर बोललो. लोक दोनदा हसले, एकदा गप्प झाले, अगदी मी बेतलं होतं तसं. मग मी आवाज थोडा खाली आणला आणि म्हणालो, "मामाने आयुष्याची पंचवीस वर्षं एका जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या चरित्राला दिली. एकोणिसाव्या शतकातला हा माणूस. गोगलगायींच्या शोधात बोटीने सातासमुद्रापार हिंडला..."

"तो कुठेही गेला नव्हता."

हे मीनल म्हणाली. माझी बायको पहिल्या रांगेत माझ्यापासून दोन हातांवर बसली होती आणि ते ती स्वतःशीच म्हणाली होती. पण माईक चांगल्या प्रतीचा होता. लोक तिसऱ्यांदा हसले. हे हसणं माझ्या बेतात नव्हतं.

खरंच की. तो कुठेही गेला नव्हता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखी पहिली गोष्ट तीच, आणि ती तू मला तीस वर्षं सांगत होतास. एका आडगावात जन्मला, तिथेच शाळामास्तर झाला, चाळिशीत तालुक्याएवढ्या गावातल्या एका छोट्या म्युझियमचा रखवालदारवजा अधिकारी झाला आणि तिथेच म्हातारा झाला. जगातल्या निम्म्या किनाऱ्यांवरच्या गोगलगायी खलाशांनी आणि मिशनऱ्यांनी बरण्यांत घालून त्याच्या टेबलावर पोचवल्या, पण त्याने स्वतः समुद्र एकदाही पाहिला नाही. तू हे सांगायचास तेव्हा प्रत्येक वेळी "एकदाही" या शब्दावर बोट वर करायचास. ते बोट मला आठवलं, वाक्य नाही आठवलं. माझं ऐकणं हे असं.

सभा संपल्यावर चहाच्या टेबलापाशी शर्वरी आली. तुझी लेक रडत नाही, कामाला लागते. मला मिठी मारली आणि म्हणाली, "श्रीदादा, डोन्ट वरी अबाउट इट. बाबा वुड हॅव लव्ह्ड इट."

मी म्हटलं, "चुकलं गं."

"लिसन. तळघर रिकामं करायचंय. बरण्या म्युझियम घेतंय, दॅट्स डन. पण त्या बुकचे पेपर्स आहेत, चौदा खोकी. जर्मन लेटर्सच्या कॉपीज, नोट्स, सगळं. ते घ्यायला त्यांची लायब्ररी तयार आहे, पण बुक काय आहे, कसं आहे, हे कुणीतरी एक पान लिहून द्यायला हवं. मला तर मराठी वाचता येत नाही. पुढच्या सोमवारी ट्रक येतोय. सो यू टेल मी. ठेवण्यासारखं असेल तर लायब्ररी. नसेल तर रीसायकलिंग. आय विल नॉट बी सेंटिमेंटल."

"मी सांगायचं?"

"अजून कोण सांगणार? बाबा सगळ्यांना सांगायचे, श्रीने वाचलंय. ही इज द ओन्ली वन."

मी चहाचा घोट घेतला. तो गरम होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं मी तिला सांगितलं आणि ते खरंही होतं.

मामा, मी वाचलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी, मामी गेल्याच्या पुढच्या दिवाळीत, तू एडिसनच्या मिठाईच्या दुकानाचा एक भलामोठा खोका घेऊन आमच्या दारात उभा राहिलास. सुतळीने आवळून बांधलेला. मी तोंडाने "अरे, कशाला एवढं" म्हणत होतो आणि मनात काजूकतली की बेसनाचे लाडू एवढाच प्रश्न होता. सुतळी सोडली तर आत कागद. तीनशेवर पानं, तुझ्या मुंगीएवढ्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेली.

"मराठीत?" मी विचारलं.

"मग काय जर्मनमध्ये लिहू? जर्मनमध्ये त्याचं त्याने लिहिलंय."

"पण मामा, जर्सीत बसून गोगलगायवाल्याचं चरित्र, तेही मराठीत... वाचणार कोण?"

"तू."

"मी झालो एक."

"एक पुरे. त्यालाही एकच होती."

"कोण?"

"बायको."

मी हसलो. मग विचारलं, "झेरॉक्स तरी काढून ठेवलीस ना?"

"वाचणारा एक. प्रती दोन कशाला?"

मी सुरुवात केली, हे तुला शपथेवर सांगतो. पहिली अकरा पानं वाचली. त्यांत त्याचा आजा येतो, जो नदीतल्या शिंपल्यांची बटणं करायचा. अकरा पानं बटणंच होती मामा. शिंपला कापायचा कसा, भोकं पाडायची कशी, कुठल्या बटणाला दोन भोकं आणि कुठल्याला चार. बाराव्या पानावर मला झोप लागली. त्यानंतर खोका पलंगाशेजारी आला, मग प्रिंटरखाली गेला, मग कपाटात. मीनल आवराआवर करताना तो इकडून तिकडे हलवायची. कधी तो जेवणाच्या टेबलावर दिसायचा, कधी तिच्या खुर्चीपाशी. मला तो दिसला की मी खोली बदलायचो.

तीन आठवड्यांनी तुझा फोन आला. मी ओक ट्री रोडवर पार्किंग शोधत होतो आणि मागचा माणूस हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"वाचलंस?"

"हो मामा. मस्त झालंय."

"सगळं?"

"सगळं."

तू हळूच म्हणालास, "बरं." मला वाटलं, म्हातारा गहिवरला. तेवढ्यात पार्किंग मिळालं.

त्यानंतर सहा वर्षांत तू मला पुस्तकाबद्दल एका शब्दाने विचारलं नाहीस. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला. फक्त एक नवीन सवय तुला लागली होती. भेटून निघालो की दारात उभा राहून तू विचारायचास, "श्री, माझा नंबर आहे ना रे तुझ्याकडे?" मी म्हणायचो, "मामा, तीस वर्षं तोच नंबर आहे तुझा." तू म्हणायचास, "हो, तोच आहे." मी गाडीत बसल्यावर मीनलला म्हणायचो, "मामा आता विसरायला लागला." ती खिडकीबाहेर बघायची.

या तीस वर्षांतली पहिली दोन मी तुझ्याच घरात काढली. पिस्कॅटवेला एमएस करायला आलो तेव्हा तू मला तळघर दिलंस. एका बाजूला माझी गादी, दुसऱ्या बाजूला तुझे फळीवर फळी बरण्यांचे कप्पे. प्रत्येक बरणीत अल्कोहोल आणि अल्कोहोलात गोगलगाय, शंखाबाहेर काढलेली. विद्यापीठाच्या संग्रहात तू दिवसभर हेच करायचास, घरी येऊन पुन्हा हेच. आई नागपूरहून फोनवर विचारायची, "दादाकडे नीट राहतोस ना? खोलीत उजेड आहे का? शेजार कसा आहे?" मी सांगायचो, "शेजार शांत आहे."

लोक शंख गोळा करतात, तू म्हणायचास. शंख दिसायला सुंदर, ठेवायला सोपा. आत राहणारा मात्र लिबलिबीत, ओंगळ, दोन दिवसांत नासणारा, म्हणून तो फेकून देतात. तुझ्या जर्मनाने उलटं केलं. त्याने खलाशांना पत्रं लिहिली की शंख नुसता नको, आतल्या जिवासकट पाठवा. लोक त्याला हसले. त्याचे साहेब हसले. त्याने आयुष्यभर ते लिबलिबीत जीव कापून, उलगडून, मोजून ठेवले आणि त्याची बायको शेजारी बसून त्यांची चित्रं काढायची. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण तू त्याच्या कामाचा सारांश म्हणून सांगायचास आणि स्वतःच हसायचास. जर्मनमध्ये हिचं भाषांतर होत नाही याचं तुला मनापासून वाईट वाटायचं.

तुझ्या तळघरात मी एक पराक्रम केला होता. तो शोकसभेत सांगायचं टाळलं, कारण सभेत मी स्वतःवर फक्त बेताचे विनोद करतो. तू मामीला घेऊन नायगाऱ्याला गेला होतास. दोन वर्षांच्या आसऱ्याची थोडी परतफेड करावी म्हणून मी बरण्या आवरायला घेतल्या. प्रत्येक बरणीत एक पिवळी पडलेली चिठ्ठी बुडालेली होती, पेन्सिलीने खरडलेली. मला ते गलिच्छ वाटलं. मी बावीस चिठ्ठ्या चिमट्याने बाहेर काढल्या, नव्या पांढऱ्या कार्डांवर निळ्या बॉलपेनने सुवाच्य अक्षरात त्याच माहितीची नक्कल केली, कार्डं बरण्यांना बाहेरून चिकटवली आणि जुन्या चिठ्ठ्या कचऱ्यात टाकल्या. बरण्यांमधलं अल्कोहोल कमी झालं होतं, तेही काठोकाठ भरलं. भरताना थोडं सांडलं, म्हणून फडक्याने बरण्या स्वच्छ पुसल्या.

तू परत आलास तेव्हा कार्डांवर निळे ओघळ होते. बाकी काही नव्हतं.

तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तू एक बरणी उजेडाला धरलीस आणि म्हणालास, "श्री, चिठ्ठी बरणीच्या आत असते. जिवासोबत. बाहेरची गळून पडते, पुसली जाते, कुणी बदलतं. आणि पेन्सिल, कारण शिसं अल्कोहोलात विरघळत नाही. शंभर वर्षं राहतं." मग बरणी खाली ठेवलीस. "काल ही कुणीतरी होती. कुठल्या ओढ्यातली, कुठल्या दिवसाची, कुणी उचललेली. आज ही नुसती मेलेली गोगलगाय आहे."

त्या बावीस जणींना पुन्हा नावं द्यायला तुला दोन हिवाळे लागले. एकेकीला बाहेर काढून, भिंगाखाली धरून, जुन्या वह्या चाळून. एकोणीस सापडल्या. तीन शेवटपर्यंत कळल्या नाहीत. त्या तिन्ही बरण्यांत तू पेन्सिलीने लिहून चिठ्ठ्या टाकल्यास: "श्रीकांतकृत १", "श्रीकांतकृत २", "श्रीकांतकृत ३". घरी कुणीही पाहुणा आला की तू त्याला त्या आधी दाखवायचास.

तुझा आणि माझा एक वाद अर्धा राहिलाय. आमच्याकडच्या थँक्सगिव्हिंगचा. टेबलावर कुणी खात नव्हतं ती टर्की होती आणि सगळे संपवत होते ते मटार-पनीर होतं. तू सांगत होतास की एकसष्टाव्या वर्षी तुझ्या जर्मनाने स्वतः दिलेली अकरा नावं परत घेतली. ज्यांना त्याने अकरा नव्या जाती म्हणून जगापुढे मांडलं होतं, ती जुन्याच जातींची लहान पोरं निघाली. त्याने ते एका मासिकात अर्ध्या पानात छापलं, सहीनिशी.

मी म्हणालो, "मूर्खपणा. गप्प बसायचं. कोण बघणार होतं?"

"पुढचा."

"पुढचा कोण?"

"जो कोणी पुढे ती बरणी उघडेल तो."

"मामा, शंभर वर्षांनी कुणी उघडेलही. तोवर हा गेलेला. मग कुणाला लाज वाटणार?"

"लाजेचा प्रश्नच नाही रे. त्याने त्यांना चुकीची चिठ्ठी लावली होती. ती काढायला नको?"

"प्रॅक्टिकली बोल मामा. प्रोफेसर व्हायची शेवटची संधी होती त्याला. ती घालवली की नाही?"

"प्रॅक्टिकली तू बरोबर आहेस," तू म्हणालास. हे वाक्य तू एखाद्याशी बोलणं थांबवायचं असलं की वापरायचास. मग मटार-पनीर पुढे ओढलंस. मी जिंकलो असं मला तेव्हा वाटलं. मी खूप वेळा असा जिंकलोय.

शोकसभा रविवारी झाली. पुढचे पाच दिवस मी कामात असल्याचं मीच मला पटवलं आणि शनिवारी सकाळी कपाट उघडलं. मिठाईचा खोका आत नव्हता. मीनलने तो जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला, शेजारी चष्मा ठेवला आणि ती भाजी आणायला निघून गेली.

मी बाराव्या पानापासून सुरू केलं. मग लाज वाटून पहिल्यापासून. मामा, ती बटणं वाईट नाहीत. आजा शिंपल्याचा बाहेरचा भाग वापरतो आणि आतला जीव नदीत फेकतो, आणि पाच वर्षांचा नातू काठावर बसून विचारतो की तो आता कुठे राहणार. एवढ्यासाठी अकरा पानं बटणं होती. मी बाराव्यावर झोपलो आणि हे तेराव्यावर होतं.

मास्तरकी वाचली. त्याच्याकडे मोठी पदवी नव्हती म्हणून त्याला दोनदा डावललं गेलं ते वाचलं. एका हिवाळ्यात म्युझियमच्या खोलीत शेकोटी पेटवायची परवानगी नव्हती, अल्कोहोल पेटेल म्हणून, तेव्हा तो हातमोजे घालून गोगलगाय कशी कापायचा ते वाचलं. तू त्याची कुठेही स्तुती करत नाहीस. एके ठिकाणी लिहितोस की तो कंटाळवाणा माणूस होता, जेवताना एक शब्द बोलायचा नाही. एके ठिकाणी लिहितोस की मोठ्या माणसांची चरित्रं लिहायला मोठी माणसं आहेत. चहा गार झाला. मी दुसरा करून घेतला, तोही गार झाला.

पान एकशे त्रेचाळीस उलटलं आणि मध्ये चिठ्ठी होती.

बरण्यांमध्ये घालायचास त्याच मापाची, बोटभर रुंद. पेन्सिलीने लिहिलेली.

"श्री, इथवर आलास की फोन कर. पुढचं प्रकरण वाचण्याआधी तुझ्याशी बोलायचंय. मामा."

तीन आठवड्यांनी तू फोन केलास तो का केलास, "सगळं?" म्हणून का विचारलंस, आणि ते "बरं" कसलं होतं, हे सगळं मला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी एकदम कळलं. दारातलं ते "माझा नंबर आहे ना रे तुझ्याकडे?" कळलं. तू काहीही विसरत नव्हतास. तुला पहिल्या फोनपासून ठाऊक होतं. सहा वर्षं तुझ्या समोर बसून मी जेवलो, तुला विनोद सांगितले, तुझ्याशी गोगलगायींवर वाद घातला, आणि तू मला एकदाही उघडं पाडलं नाहीस. उलट सगळ्यांना सांगत फिरलास की श्रीने वाचलंय. तो टोमणा होता की माझ्यावरची माया, की नुसती वाट बघणं, हे मला अजून ठरवता येत नाही. तुझ्या बाबतीत तिन्ही असू शकतं.

मग मी फोन लावला. विचार केलाच नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, मी लावला. तीस वर्षं तोच नंबर. चार वेळा वाजला आणि कुणीतरी उचलला.

"हॅलो? श्रीदादा?"

शर्वरी. ती तळघरात खोक्यांना टेप लावत होती.

मी म्हणालो, "पोचलो."

"पोचलो? व्हेअर? आर यू हिअर?"

"नाही गं. पान एकशे त्रेचाळीस. शर्वरी, मी बाबांचं पुस्तक वाचलं नव्हतं. त्यांना खोटं सांगितलं होतं. आज वाचतोय. आत त्यांनी चिठ्ठी ठेवलीय, फोन कर म्हणून. म्हणून केला."

पलीकडे टेपचा आवाज थांबला.

"ही न्यू? बाबांना ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"ओ माय गॉड. टिपिकल बाबा." मग ती हसली की रडली ते फोनवर नीट कळत नाही. नाक पुसल्याचं मात्र ऐकू आलं. "ओके. सो. इज इट गुड?"

मामा, तुला हवं होतं तेवढं उत्तर मी त्या मुलीला दिलं. म्हणालो, "हो. लायब्ररीला दे. एक पान मी आज लिहितो. आणि त्या पानात हेही लिहितो की हे मत सहा वर्षं उशिरा देतोय."

"दॅट पार्ट लिहायची गरज नाही, श्रीदादा."

"आहे," मी म्हटलं. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर मी ज्या बाजूला होतो, तिथून मी आता उठलोय. नोंद असावी म्हणून सांगतो.

मग पुढचं प्रकरण वाचलं, जे वाचण्याआधी तुला माझ्याशी बोलायचं होतं. ते त्या अकरा नावांचंच आहे. टेबलावर तू सांगितलं नव्हतंस ते त्यात होतं, किंवा मी सांगू दिलं नव्हतं. चूक त्याच्या लक्षात आलीच नव्हती. त्याच्या बायकोच्या लक्षात आली. चित्रं काढता काढता तिला दिसलं की ही तीच आहेत, फक्त लहान. तिने सांगितलं. तो तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. ती चित्रं काढत राहिली. मग त्याने ते अर्धं पान छापलं आणि त्यात लिहिलं की हे कुणी पाहिलं. तिचं नाव छापलेलं असं जगात ते एकच ठिकाण. हजारावर चित्रं, एकावरही सही नाही. हे प्रकरण तू इतकं आवरून, इतकं घट्ट लिहिलंयस की एक ओळ काढता येणार नाही. पानांचे आकडे तेवढे चुकलेत, एकशे एक्कावन्ननंतर एकदम एकशे एकसष्ट. तुझ्यासारख्याच्या हातून आकडा चुकावा याने मला उगाच बरं वाटलं.

तुला माझ्याशी काय बोलायचं होतं? मी आठवडाभर तर्क करतोय. मी पीएच.डी.ला नाव घालून पहिल्याच सहामाहीत नोकरीच्या मागे पळालो, त्याबद्दल तू कधी काही म्हणाला नाहीस, ते असेल. किंवा मामीबद्दल. तुझ्या वह्यांतली सगळी टिपणं मामी सुवाच्य करून द्यायची आणि आम्ही कुणी तिला कधी त्याबद्दल विचारलं नाही, ते असेल. किंवा चुकीबद्दल, ती कशी मान्य करावी, मला समजावून सांगायचं असेल. फोन केला असता तर कळलं असतं. पेन्सिलीने लिहिलेलं राहतं, तू म्हणालास ते खरं. पण त्याला उलट विचारता येत नाही.

खोकी सोमवारी गेली. बरण्या गेल्या. म्युझियमने तीन परत पाठवल्या, ठावठिकाणा नसलेला नमुना घेत नाहीत म्हणून. शर्वरीने त्या माझ्याकडे आणून दिल्या. माझ्या टेबलावर आहेत, खिडकीपाशी. श्रीकांतकृत एक, दोन, तीन. आमच्याकडे पाहुणे आले की मी आधी त्या दाखवतो.

एवढं लिहून झाल्यावर काल मी हे मीनलला वाचून दाखवलं. ती मांडीवर परात घेऊन मटार सोलत होती. मध्ये एकदाही थांबली नाही. मी संपवलं, कागद खाली ठेवले आणि ती काहीतरी म्हणेल म्हणून वाट बघत बसलो.

"एक दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "आकडा चुकलेला नाही. मधली नऊ पानं माझ्या कपाटात आहेत."

"तुझ्या?"

"चिठ्ठी मला सापडली होती. पहिल्याच हिवाळ्यात. तू करणार नाहीस हे दिसत होतं, म्हणून मी केला फोन. त्यांना एवढंच विचारायचं होतं की पुढचं प्रकरण लांबलंय का. मी वाचलं आणि म्हटलं, मामा, मध्ये थोडं लांबलंय. ते म्हणाले, मग ती पानं काढ."

तिने एक शेंग सोलली, दाणे परातीत टाकले.

"मी विचारलं, चिठ्ठी पण काढून टाकू का? तर म्हणाले, नको मीनल, होती तिथेच ठेव. श्रीला अजून वेळ आहे."